पित्त

बांबोळीला तळमजल्यावर, खोली सतरा.
आवेलिना माझी शीर शोधते बोटाच्या टोकानं,
उल्हास बांधातलं खेकड्याचं बीळ शोधतो तशी,
दुसरीकडे बघत.
जांभळ्या टोपणाची नळी भरते, मग हिरव्या.
"टीचर, किती येतील आज?"
मी गणिताची. अंदाज सांगणाऱ्यांचे अर्धे गुण कापत आले.
तरी म्हणते, दीडशे.

पहिल्या महिन्यात अकरा होत्या.
पुढच्या खेपेला एकेचाळीस, म्हणजे सातवी ब ची पटसंख्या.
मी वहीत हजेरी मांडत गेले.

डॉक्टर म्हणाले, आधी परततात ते राखणदार,
समोर येईल त्याला झोडपणारे.
ज्यांच्या ध्यानात नावं राहतात,
जे ओरडून बाकीच्यांना गोळा करतात,
त्या पेशी सगळ्यात उशिरा येतात.
त्यांचीच मोजणी बघायची.

वेल्लोरला पिशवीतून उल्हास माझ्यात उतरला तेव्हा
मी आधीच पुसलेला फळा होते.
गोवर गेला, घटसर्प गेला, धनुर्वात गेला,
आईनं कडेवर नेऊन टोचून आणलेलं सगळं गेलं.
कार्डावरचा बी खोडून ओ लिहिला.

म्हणून त्रेचाळिसाव्या वर्षी चोडणच्या आरोग्य केंद्रात
गुरुवारी, दुपट्यांच्या रांगेत मी.
नवीन परिचारिकेनं मान वर न करता विचारलं,
"बाळाचं वय?"
म्हटलं, सहा महिने.
"आणि बाळ कुठाय?"
मी बाही वर केली.

मी तिकडे होते त्याच भरतीला इथला बांध फुटला.
खारं पाणी आमच्या खाजनात चार दिवस राहिलं.
आता उल्हास मानशीची दारं सांभाळतो,
ओहोटीला उघडतो, भरतीला पाडतो,
आणि मधूनच वाकून चिमूटभर चिखल जिभेवर ठेवतो.
"अजून खारट."
त्याच्याकडे नळ्या नाहीत. वहीही नाही.

चौदाव्या महिन्यात मासळीला परवानगी मिळाली.
वहिनीनं सुंगटांचं हुमण केलं, वेगळ्या भांड्यात.
उल्हासला लहानपणापासून सुंगटं चालत नाहीत,
वास आला तरी तो ओसरीवर जाऊन बसतो.
त्याच्या वाटणीची मीच खात आले.
मी सात खाल्ली. (मोजणारच ना.)

पाव तासानं मनगटाला खाज सुटली.
मग कोपरापर्यंत लाल गांधी,
दिवाडी, चोडण, जुवें,
मांडवीतली सगळी बेटं एका हातावर.

वहिनीचा चेहरा पांढरा पडला.
उल्हासनं माझा हात चुलीच्या उजेडाकडे वळवला,
वाकून बघितला, ओळखीचा कागद वाचावा तसा.
"हें म्हजें," तो म्हणाला.
"हें म्हजेंच पित्त."
आणि हसायला लागला, हसता हसता
डोळे पुसायला बाही मिळेना त्याला.

फडताळात त्याच्यासाठी कायम ठेवलेली
आमसुलांची बरणी. त्यानं ती भिजत घातली,
स्वतःच्या हातानं माझ्या दंडावर चोळली.
कुणाचा दंड, हे विचारायचं राहून गेलं.

डॉक्टरांनी फोनवर आधी रागावून घेतलं,
श्वास लागतो का, ओठ सुजले का विचारलं,
मग जरा थांबून म्हणाले,
"भाऊ जागा झाला म्हणायचा.
पण सुंगटं बंद. कायमची."
माझ्या आयुष्यातलं सगळ्यात महाग उत्तर.

सोमवारी आवेलिनाचा निरोप. दोनशे बारा.
मी वहीत लिहिलं. शेजारी कंसात: सात सुंगटं.
खाली दुहेरी रेघ मारली नाही,
गोवराची सुई अजून दहा महिने लांब आहे.

संध्याकाळी मानशीपर्यंत चालत गेले, मास्क लावून.
उल्हास पलीकडच्या कुणग्यात उकिडवा बसला होता.
चिखल जिभेला लावला, थांबला, थुंकला,
माझ्याकडे बघून काहीतरी ओरडला.
वारा उलटा होता. ऐकू आलं नाही.
मी दोन्ही हात वर करून दाखवले,
एकावर अजून थोडं लाल.